आधी कर्सर हलवायला शिक

कीबोर्डच्या पन्नास शॉर्टकटची यादी छापून भिंतीवर चिकटवू नकोस, चार दिवसांत ती दिसेनाशी होते. आठवड्याला दोनच घे, आणि त्या कामासाठी माउसला हात लावायचा नाही असं ठरव.

कॉपी-पेस्ट तुला येतंच असेल. खरा वेळ जातो तो मजकुरात कर्सर नेमका ठेवण्यात. विंडोजवर कंट्रोल धरून डावा-उजवा बाण दाबलास की कर्सर अक्षरागणिक न सरकता शब्दाशब्दाने उडी मारतो. त्यात शिफ्टही धर, शब्द सिलेक्ट होत जातात. कंट्रोल-बॅकस्पेसने मागचा अख्खा शब्द एका फटक्यात पुसला जातो. होम आणि एंड ओळीच्या टोकांना नेतात. एवढं बोटांत बसलं की लिहिणं किती हलकं होतं ते स्वतःच बघ!

विंडोज-व्ही, म्हणजे विंडोजचं बटण धरून व्ही, मात्र आजच सुरू कर. मग शेवटचाच नाही, त्याआधी कॉपी केलेले मजकूरही तिथे यादीत मिळतात; मला हे फार उशिरा कळलं. चुकून बंद झालेला टॅब ब्राउझरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-टीने परत येतो.

सुरुवातीला वेग कमी होईल. तेव्हा माउसकडे वळू नकोस.