ताईचा घास

प्रश्न : माझी पावणेतीन वर्षांची मुलगी पाच महिन्यांच्या भावाला आपल्या वाटीतले शेंगदाणे भरवू पाहते आणि त्याने तोंड मिटले की माझ्याच सुरात ‘एक घास चिऊचा’ म्हणते. हसू आवरत नाही, पण भीतीही वाटते. तिला रागवावे का?

उत्तर : रागावू नका. ज्या मायेने तुम्ही तिला भरवता, तीच माया ती हुबेहूब तुमच्या शब्दांत भावाला देते आहे, आणि ही नक्कल फार मोलाची आहे. भीती मात्र रास्त आहे. बाळाला 6 महिने पूर्ण होईपर्यंत आईचे दूधच पुरेसे असते, मध वर्षाच्या आत चाटवूही नये, आणि अख्खा शेंगदाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. म्हणून तो तुमच्या मुलीलाही एवढ्यात न देता कूट करून द्यावा. दोघांना क्षणभरही एकटे सोडू नका. भरवण्याची तिची हौस बाहुलीवर भागवू द्या, आणि बाळाचे दुपटे आणणे, खुळखुळा वाजवणे ही कामे तिच्याकडे सोपवा. ‘बाळाला अजून दात नाहीत’ हे कारण तिला नक्की पटेल. त्याचे बोळके तिला स्वतःच पाहू द्या.