दीर्घिकेच्या मध्यातल्या महाकाय कृष्णविवराला खाद्य कुठून मिळतं? ते सगळी दीर्घिका गिळून का टाकत नाही?

गिळत नाही आणि गिळणारही नाही. इतकं ठासून लिहितोय, कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात वाजलं होतं.

आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं, धनू रास नैऋत्येला उतरली होती. आमचे दाजी इंजिनिअर. पोरांना तिकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथं आकाशगंगेचं कृष्णविवर आहे, सगळं ओढून घेतंय. एक दिवस आपला सूर्यही जाणार." माझी मुलगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, दाजी, असं नसतं. त्यांनी पातेल्यात डाव फिरवत चारचौघांत ऐकवलं, "तू कॉमर्सवाला, यात पडू नकोस." मी लोकांचे टॅक्स रिटर्न भरतो हे खरं, पण कॉलेजपासून खगोलशास्त्र वाचतोय. तो शब्द अजून लागतो.

ते कृष्णविवर सूर्याच्या सुमारे 40 लाख पट जड आहे, आणि आपण त्याच्यापासून 26 हजार प्रकाशवर्षांवर. एस-2 नावाचा तारा 16 वर्षांत त्याला फेरी घालतो. 2018 मध्ये तो सूर्य-पृथ्वी अंतराच्या जेमतेम 120 पट अंतरावरून गेला आणि सुखरूप पुढे निघून गेला. दाजींना हे सांगितलं, तर त्यांनी विषय बदलला.

कृष्णविवराला खाऊ घालणंच अवघड असतं. वायू केंद्राभोवती फिरत असतो, आणि आपला कोनीय संवेग, म्हणजे गोल फिरण्याचा जोर, दुसऱ्या कशाला तरी देऊन टाकल्याशिवाय आत उतरत नाही. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळल्या, किंवा दीर्घिकेच्या मध्यात ताऱ्यांचा दांड्यासारखा लांबट पट्टा असला, की वायू केंद्राकडे लोटला जातो. पुढे कृष्णविवराभोवती या वायूची फिरती तबकडी बनते, तिच्यात चुंबकीय क्षेत्रामुळे खळबळ माजते आणि ती संवेग बाहेर वाहून नेते. तेव्हा कुठे वायू आत सरकतो, तापतो, आणि त्याच्या वस्तुमानाचा दहा टक्क्यांच्या आसपास भाग ऊर्जा होऊन बाहेर पडतो. ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनचे अणू जुळून हेलियम होतो, त्या संमीलनात हेच प्रमाण 0.7 टक्के. वर्षाला काही सूर्यांएवढा वायू मिळाला तरी क्वेसार, म्हणजे असं भरपेट खाणाऱ्या कृष्णविवराचं झगमगतं केंद्र, अख्ख्या दीर्घिकेला फिका पाडतो. आपल्या आकाशगंगेचं कृष्णविवर, सॅजिटेरियस ए स्टार, मात्र उपाशीच आहे. जवळच्या अवजड ताऱ्यांवरून वाहणाऱ्या वायूच्या वाऱ्यांमधून जे येतं, त्यातलंही बहुतेक आत पोचत नाही.

मुलांना असल्या भीतीच्या गोष्टी सांगण्यापेक्षा विज्ञान दिनाला खोडदला न्या. आपल्या पुणे रस्त्यावरच्या नारायणगावहून जवळ आहे. तिथल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या अँटेना समोर दिसतात. दूरच्या कृष्णविवरांच्या अगदी जवळून निघणाऱ्या झोतांच्या रेडिओ लहरी त्या टिपतात. मुलीला मी नेलं. दाजींनाही चला म्हटलं होतं, ते आले नाहीत.

एक राहिलं. तारा अगदीच जवळ गेला तर फाटतो आणि त्याचा काही भाग आत पडतो, हे खरं आहे. शेवटच्या काही प्रकाशवर्षांत वायू नेमका कसा उतरतो, यावर तज्ज्ञांचंही अजून एकमत नाही. पण सूर्य त्या वाटेवर नाही, एवढं पोरांना आजच सांगून टाका.