सुळा सरकला, पण कशापासून?

नागपूर

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझ्या थिसिसचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, वाचला. पहिलं पान मेडिकल चौकात उभ्या उभ्या, बाकीचं घरी कूलरसमोर. विषय चांगला आहे: दात सरळ करताना उपदाढ काढल्यावर सुळा मागे कसा सरकतो, ते स्कॅनवर मोजायचं. पण कशापासून मोजणार, हे आख्ख्या सिनॉप्सिसमध्ये कुठेच नाही.

आपल्या स्टेशनवर शेजारच्या रुळावरची गाडी हलली की आपलीच सुटली असं वाटतं. मग आपण फलाटावरचा खांब बघतो. तोंडात असा खांब पटकन सापडत नाही. सुळ्याला ओढणारी स्प्रिंग दाढेला अडकवलेली असते, म्हणजे सुळा मागे येताना दाढही थोडी पुढे येतेच. माझ्या थिसिसमध्ये मी सुळा ते दाढ एवढंच अंतर मोजत राहिले. ते भराभर कमी व्हायचं आणि मी खूश! गाईड सरांनी एकच विचारलं, "कोण कोणाकडे गेलं?" चार महिन्यांची मोजमापं पुन्हा केली, बाप्पा.

वरच्या जबड्यात टाळूवरच्या वळ्या कामी येतात. पण पहिली वळी धरू नकोस, पुढचे दात मागे घेतले की तीही ओढली जाते. तिसऱ्या वळीचं मधल्या रेषेकडचं टोक आणि त्यामागचा टाळूचा घुमट त्यातल्या त्यात भरवशाचे. खालच्या जबड्यात ही सोय नाही. तिथे हनुवटीच्या हाडाची आतली कड आणि नसेचा कालवा, म्हणजे एक्स-रेशिवाय काम भागत नाही. डेन्मार्कचे दंततज्ज्ञ ब्यॉर्क यांनी १९५०च्या दशकात मुलांच्या जबड्यांत धातूच्या बारीक खुणाच बसवल्या होत्या. त्यांनी घातलेला पाया आपण आजही वापरतो, पण तसली परवानगी आज आपली एथिक्स कमिटी देणार नाही. मिनीस्क्रूला, म्हणजे दात ओढायला हाडात बसवलेल्या बारीक स्क्रूला, खांब समजायचा मोह होईल. तोही भार पडल्यावर किंचित सरकू शकतो.

आता रागवायचा भाग. दर दोन महिन्यांनी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, असं तू लिहिलंयस. ते खोड. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला तुझ्या थिसिससाठी पुन्हा पुन्हा किरण द्यायचे नसतात. ज्यांचा सीबीसीटी उपचारासाठी आधीच काढावा लागला आहे, समजा दुसऱ्या बाजूचा सुळा हाडात अडकलाय, असेच पेशंट घे. त्या एका स्कॅनमधून दाताचं मूळ मिळेल. पुढे दर भेटीला तोंडातला डिजिटल स्कॅन घे, त्यात किरण नाहीत. त्यात फक्त दाताचा वरचा भाग दिसतो, पण जुन्या स्कॅनमधला तोच भाग त्यावर बसवला की मूळ कुठे असेल ते कळतं. मूळ हवंच, कारण नुसता माथा कलला तरी वरून सुळा सरकल्यासारखाच दिसतो. मात्र उपचारात मुळाचं टोक झिजलं तर ते या पद्धतीत दिसणार नाही. तशी मर्यादा स्पष्ट लिही, परीक्षकाने काढून दाखवायची वाट पाहू नकोस.

आणखी एक. तुझ्या सीबीसीटीचा व्हॉक्सेल, म्हणजे चित्रातला सगळ्यात छोटा ठोकळा, ०.३ मिमी. दात आणि हाड यांच्यामधला पडदा साधारण ०.२ मिमी. तरी "पडदा रुंदावलेला दिसेल" असं तू लिहितेस! गालाकडचं पातळ हाडही अशा स्कॅनमध्ये असून नसल्यासारखं दिसतं.

सुळा महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. तेव्हा तुझा स्वतःचा हात किती चुकतो, ते आधी काढ. वीस मोजमापं कर, कागद कपाटात टाक, पंधरा दिवसांनी जुने आकडे न बघता तीच पुन्हा कर. फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज, भागिले मोजमापांच्या दुप्पट, मग वर्गमूळ. डालबर्गचं हे सूत्र तुला पाठ आहे, पण वापरलेलं दिसत नाही. चूक अर्धा मिलिमीटर निघाली, तर दोन गटांतल्या ०.३ मिमी फरकावर प्रकरण लिहायच्या फंदात पडू नकोस. स्टॅटिस्टिक्सवाल्याकडे त्यानंतर जा.

रविवारी सकाळी ये, पोहे तर्रीसकट मिळतील. पहिल्या पाच पेशंटची प्लास्टर मॉडेलं आण आणि टोकदार पेन्सिल. तिसरी वळी नेमकी कुठे संपते यावरच आपलं पहिलं भांडण होणार आहे.

तुझी,
मॅडम