दंड बँकेला झाला, मुदत तुमची संपली

ऐरोलीच्या एका ठेवीदारांची निवृत्तीची रक्कम ज्या नागरी सहकारी बँकेत आहे, तिला रिझर्व्ह बँकेने दंड केला. प्रसिद्धिपत्रकात चार ओळींपलीकडे काही नव्हते, म्हणून त्यांनी रिझर्व्ह बँकेकडे माहितीच्या अधिकारात त्या बँकेचा तपासणी अहवाल मागितला आणि नकार आला. आता थेट उच्च न्यायालयात जावे का, असे ते विचारतात. ठाणे-नवी मुंबईतून अशी पत्रे वरचेवर येतात.

दंडातून ठेवीदाराला काही मिळत नाही. शिवाय, ग्राहकांशी झालेल्या व्यवहारांच्या वैधतेवर भाष्य करण्याचा हेतू नाही, असे प्रसिद्धिपत्रकातच लिहिलेले असते.

आपण मला पाठवलेल्या नकारपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात प्रथम अपील प्राधिकाऱ्याचे, म्हणजे नकाराविरुद्धचे पहिले अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे, पदनाम आणि ३० दिवसांची मुदत छापलेली आहे. तो वाचला असता, तर विसाव्या दिवशी आपले अपील कोकण भवनातील राज्य माहिती आयोगाकडे गेले नसते. रिझर्व्ह बँक केंद्रीय कायद्याखालची संस्था आहे, तिथे राज्य आयोगाचा संबंध नाही. चुकीच्या दारी गेलेले ते अपील स्पीड पोस्टच्या पावतीसह विलंबमाफीसाठी कामी आले असते. परंतु परत आलेला लखोटा चार महिने कपाटात पडून राहिला, आणि माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम १९(१) मधील ‘पुरेसे कारण’ या शब्दांत तो काळ बसवणे मला कठीण दिसते. उच्च न्यायालयातील रिट याचिकेतही पहिला प्रश्न अपील का केले नाही, हाच येईल.

म्हणून १० रुपये शुल्क भरून नवा अर्ज करा. त्याला अधिनियमात मनाई नाही. मात्र संपूर्ण अहवाल मागू नका. दंडाचा आदेश, कारणे दाखवा नोटीस आणि ज्या त्रुटींसाठी दंड झाला तेवढेच परिच्छेद मागा, आणि गोपनीय भाग वगळून उरलेला द्यावा, अशी कलम १० खालील विनंती त्यातच लिहा.

मिळेलच, असे मी म्हणणार नाही. जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेचा ‘विश्वासाश्रित नात्या’चा, म्हणजे बँकांनी विश्वासाने दिलेली माहिती उघड करता येत नाही हा, बचाव फेटाळला, पण २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्या निकालाविरुद्ध बँकांनी केलेल्या याचिका ऐकून घेण्याजोग्या ठरवल्या, म्हणजे तो वाद पुन्हा खुला झाला.

उत्तर हाती येईल त्याच दिवशी लखोट्यावर तारीख लिहा आणि पुन्हा नकार असेल, तर या वेळी अपील रिझर्व्ह बँकेच्याच प्रथम अपील प्राधिकाऱ्याकडे, पहिल्या आठवड्यात पाठवा.