गेटवरचा चेहऱ्याचा कॅमेरा : मी मतदान मागितलं आणि तिथेच फसलो

घणसोलीच्या ताई, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोप उडाली. सोसायटीचं नाव तेवढं बदललं तर ही आमचीच गोष्ट. समितीने परस्पर चेहरा ओळखणारं यंत्र ठरवलं, पुढच्या रविवारी नोंदणी, आणि भाडेकरूंना, कामाला येणाऱ्या बायकांना 'नोंदणी नाही तर प्रवेश नाही' असा निरोप. तुमचा प्रश्न एवढाच की सभा बोलावून मतदान घ्यायला लावू का?

नका लावू. निदान आत्ता तरी नाही.

मी वकील नाही, ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारा, आता निवृत्त झालेला माणूस आहे. पण या एका चुकीने मला जेवढं पळवलं तेवढं कशानेच नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

आमची १४० फ्लॅटची सोसायटी. २०२२ मध्ये समितीने असंच यंत्र ठरवलं. माझं डोकं फिरलं. आम्हाला न विचारता? एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याभरात विशेष सभा घ्यावी लागते, सहकारी संस्था कायद्याचं कलम ७६. २८ सह्या पुरत होत्या, मी जिने चढून-उतरून ३१ जमवल्या. काय अभिमान वाटला होता! सभा झाली, चहा-बिस्किटं झाली, विकणाऱ्या कंपनीचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला, चोरीच्या दोन बातम्या दाखवल्या, आणि ५२ विरुद्ध ७ मतांनी 'सर्व संबंधितांना चेहरा नोंदणी बंधनकारक' असा ठराव पास. ते सात कोण हे मला तोंडपाठ आहे.

म्हणजे मी काय केलं बघा. तोवर तो पाच-सात जणांच्या समितीचा निर्णय होता, चुकीचा म्हणता आला असता. मी त्यावर सर्वसाधारण सभेचा शिक्का मारून आणला. पुढे तक्रार घेऊन एका कार्यालयात तीन खेपा घातल्या (नाव घेत नाही, सोसायटीवाल्यांना कळेलच). पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या दिवशी अर्जाला पोच नाही, तिसऱ्या दिवशी टेबलामागच्या गृहस्थांनी कागद उलटून पाहिला आणि म्हणाले, "सभेची मागणी करणाऱ्यांत पहिली सही तुमचीच ना? मग आता रडताय कशाला?" विषयच संपला. चेहऱ्याचा डेटा वगैरे 'आमच्याकडे येत नाही' हे वर ऐकून घेतलं ते वेगळंच. कुणाकडे येतो ते सांगायला मात्र कुणी तयार नाही.

तरी खरी चूक सभा बोलावण्याची नव्हतीच. त्या हॉलमध्ये बसलेल्या ५९ जणांपैकी बहुतेक गाडीच्या टॅगवर आत येतात. यंत्रासमोर रोज उभं राहायचं कुणी? घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, इस्त्रीवाला, दूधवाला, आणि जे भाडेकरू आहेत म्हणून मत नसलेले ते. ज्यांचा चेहरा द्यायचा त्यांच्यातला एकही माणूस तिथे नव्हता, आणि मला सभा संपेपर्यंत ते खटकलंही नाही. मी 'आपल्याला विचारलं नाही' म्हणून भांडत होतो. त्यातलं 'आपल्याला' म्हणजे १४० मालक.

आमच्या मजल्यावर येणाऱ्या मावशींचं उदाहरण सांगतो. त्यांची नोंदणी संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात झाली. आमचं गेट पूर्वेकडे, सकाळी सातला माणूस यंत्रासमोर उभा राहिला की ऊन थेट त्याच्या पाठीमागून. चेहरा काळवंडलेला दिसतो, पडद्यावरचं गोल फिरत राहतं आणि मग लाल होतं. मागे शाळेच्या बसची घाई. वॉचमन म्हणतो, "मावशी, बाजूला व्हा." पदराने घाम पुसायचा, टिकली नीट करायची, पुन्हा उभं राहायचं. एके दिवशी बारा मिनिटं गेली. अकराव्या मजल्यावरच्या बाईंनी मोबाइल पुढे केला, "सोसायटीच्या ॲपवर सात वाजून बारा मिनिटांची एन्ट्री आहे, रोजचंच झालंय तुमचं," आणि महिन्याअखेरीला पैसे कापले. काम महिन्याभराने गेलं.

कंपनीचा मुलगा सभेत म्हणाला होता, ९९ टक्के अचूक. टाळ्या पडल्या. आमच्या गेटवरून दिवसाला सहाशे माणसं गेली तर त्या हिशेबाने सहा जण अडकणार. आणि ते रोज नवे सहा नसतात.

म्हणून क्रम उलटा धरा. आधी करारनाम्याची प्रत मागा. लेखी. मागताना मोघम नको, थेट विचारा : नोंदी कोणकोणत्या घेणार, कुठे ठेवणार, किती दिवस, कुणाकुणाला दिसणार, काम सोडून गेलेल्या माणसाचा चेहरा पुसणार का, करार संपल्यावर काय. आमच्या तीन वर्षांच्या करारात शेवटच्या दोन गोष्टींवर एक ओळ नव्हती. गंमत म्हणजे ऐरोली, रबाळे, महापे हा सगळा पट्टा डेटा सेंटरने, म्हणजे माहिती साठवणाऱ्या संगणकांच्या इमारतींनी भरत चाललाय. आपले चेहरे कदाचित ठाणे-बेलापूर रोडवरच पडलेले असतील, पण विचारायला गेलात तर गेटवरच तुमची एन्ट्री करतील!

मग, सभेच्या आधी, ज्यांचे चेहरे घ्यायचेत त्यांना बसवा. आम्ही हे फार उशिरा केलं, यंत्र बसल्यावर आठ महिन्यांनी. कल्पना राजस्थानची. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाई, म्हणजे लोकांसमोर उघड सुनावण्या घेतल्या, गावातल्या मजुरांसमोरच त्यांच्या नावाचे मस्टर मोठ्याने वाचले. आम्हीही तेच केलं. ॲपमध्ये घरकामगारांची जी पानं दिसतात ती छापली आणि पार्किंगमध्ये वाचली. नाव, फोन, आधारचा फोटो, आल्या-गेल्याची वेळ, कोणकोणत्या घरी काम, आणि घरांनी दिलेले तारे. हो, तारे. हॉटेलला देतात तसे. एक बाई मध्येच म्हणाली, "म्हणजे मी सातशे दोनला किती वेळ होते ते बाराशे चारवालीला दिसतं? आणि मला नाही दिसत?" मी वर्षभर लिहिलेल्या सगळ्या अर्जांत हे वाक्य नव्हतं.

त्यांनी यंत्र काढा असं म्हटलंच नाही. मला वाटलं होतं म्हणतील. त्यांच्या मागण्या तीन : यंत्र चाललं नाही तर वहीत सही करून लगेच सोडा, वेळा दुसऱ्या घरांना दाखवू नका, तारे बंद करा. तिन्ही समितीने गुपचूप मान्य केल्या, कारण सकाळी आठला भांडी पडून राहिली तर काय होतं ते समितीच्या घरीही माहीत आहे.

कायद्याचं थोडक्यात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मध्यावर लागू होतात. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याची सोय त्यात आहे, तेव्हा मराठी आणि हिंदीतला कागद आत्तापासूनच मागा. कागद सोप्या भाषेत लिहायला बसलं की समितीला स्वतःलाच कळतं आपण काय घेतोय. पण माझं मत विचाराल तर हा कायदा एकेकट्या माणसाचा विचार करतो. गेटवर उभी असलेली एकटी बाई 'माझी संमती नाही' म्हणाली तर तिची फक्त रोजी जाते. चाळीस जणींनी मिळून अटी घालायच्या तर त्याला या कायद्यात जागा नाही.

तुमच्या पोस्टखाली एकाने माहितीचा अधिकार टाका म्हटलंय. सोसायटीवर थेट चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या थलप्पलम सहकारी बँकेच्या निकालापासून सर्वसाधारण सहकारी संस्था त्यात येत नाहीत. चौकात महापालिकेने लावलेल्या कॅमेऱ्यांबद्दल मात्र जरूर टाका, दहा रुपये फी, तीस दिवस. त्यात मत मागू नका, करार आणि निविदेची प्रत मागा. 'हे योग्य आहे का' असं विचारलं की 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती' म्हणून परत येतं. तीही चूक माझी करून झालीय. आणि नवी मुंबईत २०२० नंतर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, तेव्हा कॅमेरे लागले तर दाद मागायची कुणाकडे... असो, तो राग वेगळा.

बैठक दुपारी दीडला ठेवा, सकाळची कामं संपून संध्याकाळची सुरू व्हायच्या मधे. क्लबहाउसमध्ये नको. आम्ही पहिल्यांदा तिथे खुर्च्या मांडल्या तर सगळ्या जणी दाराशी पायऱ्यांवर बसल्या आणि कुणी बोललं नाही. पार्किंगमध्ये सतरंजी टाकल्यावर तोंडं उघडली. रविवारची नोंदणी पंधरा दिवस पुढे ढकला एवढंच आज समितीला लिहा, आणि करारनामा हातात आला की सोसायटीचं नाव झाकून त्यातली कलमं इथे टाका, मी बघतो.