लेकीनं तिकडे रेट फिक्स करायचा का, नि आपण इकडे काय करायचं?

प्रश्न : नमस्कार दादा, मी सिंहगड रोडला रो हाउसमधे राहतो, रिटायर आहे, घरात आम्ही दोघंच. मुलगी इंग्लंडला लेस्टरमधे असते, भाड्याच्या घरात. तिला वीज-गॅसवाल्या कंपनीचा मेल आलाय की दोन वर्षं रेट फिक्स करा, मधेच सोडलं तर दंड. ती मला विचारते, बाबा करू का! आपण आयुष्यभर आलेलं लाइटबिल गुपचूप भरलं, मी काय सांगणार. आणि योगायोग बघा, त्याच आठवड्यात आमच्याकडे एक सोलरवाला येऊन गेला, म्हणतो 5 किलोवॅट बसवा, 25 वर्षं बिल झीरो, समजा फिक्सच. कोटेशन 2 लाख 90 हजार. आमचा वापर उन्हाळ्याचे तीन महिने एसीमुळे 360 युनिट, एरवी 190 च्या आसपास. दोन्हीचं उत्तर द्या.

उत्तर : काका, आधी मुलीचं. तिकडे ऑफजेम म्हणून नियामक आहे, आपल्या वीज आयोगासारखा समजा, तो दर तीन महिन्यांनी कमाल दर ठरवतो आणि ज्यांनी काही फिक्स केलेलं नाही त्यांच्याकडून कंपनीला त्याच्यावर घेता येत नाही. बातम्यांत जो वर्षाचा पौंडांचा आकडा येतो तो सर्वसाधारण घराचा अंदाज असतो, बिलावरची मर्यादा नव्हे, हीटर जास्त वेळ चालवला तर जास्तच येणार. फिक्सचंही तसंच आहे, युनिटचा दर नि रोजचा स्थिर आकार बांधला जातो, बिल नाही. दर महिन्याला बँकेतून जो हप्ता कापला जातो तो म्हणजे फिक्स असं बऱ्याच जणांना वाटतं, ते पण चूक. तो हप्ता नुसता अंदाज असतो, कंपनी तो वरखाली करू शकते.

आता करावं का. ऑक्टोबर 2021 ला तो अंदाजाचा आकडा 1,277 पौंड होता, एप्रिल 2022 ला 1,971 झाला, नि त्या ऑक्टोबरसाठी तर 3,549 जाहीर झाला, शेवटी सरकार मधे पडलं आणि 2,500 ला धरला. म्हणजे 2021 मधे ज्यांनी दोन वर्षांचं फिक्स घेतलं ते शहाणे ठरले? काही ठरले. पण त्याच सुमारास तिकडे पंचवीसहून जास्त कंपन्या बुडाल्या, त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे वर्ग झाले आणि त्यातल्या बहुतेकांचा तो स्वस्त फिक्स रेट गेला तो गेलाच, नव्या कंपनीनं कमाल दर लावला. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. रेट किती ते सगळे बघतात, पण शब्द कोण देतंय नि तो दोन वर्षं टिकेल का हे कोणी बघत नाही.

तर मुलीला म्हणावं, मेलमधला युनिटचा दर नि रोजचा आकार हे दोन्ही आजच्या कमाल दराशेजारी ठेवून बघ, वर्षाचा एकूण आकडा बघू नकोस. फिक्स तेवढाच किंवा थोडा कमी असेल तर घे, थोडा जास्त असला तरी झोप लागण्याची किंमत म्हणून चालेल, विम्याचा हप्ता आपण भरतोच की. बराच जास्त असेल तर सोड. दंड बऱ्याचदा विजेचा वेगळा नि गॅसचा वेगळा असतो, दोन्ही मिळून किती ते विचार. मुदत संपायच्या आधीच्या 49 दिवसांत सोडलं तर दंड लागत नाही हा तिकडचा नियमच आहे, नि घेतल्यावर 14 दिवसांत मन बदललं तरी परत फिरता येतं. आणि ती भाड्यानं राहते, सहा महिन्यांनी घर बदललं तर हा रेट बरोबर नेता येतो का, हे आधी लेखी घ्यायचं. मला तर तिच्या बाबतीत हाच प्रश्न पहिला वाटतो.

आता तुमचं. आपल्याकडे घरगुती ग्राहकाला महावितरणकडे जाऊन माझा रेट दोन वर्षं बांधून द्या म्हणायची सोयच नाही. आयोग काही वर्षांचे दर एकदम ठरवतो खरा, पण ते पण किती फिक्स ते गेल्या खेपेला दिसलंच, 28 मार्च 2025 ला पाच वर्षांचा आदेश आला, आठवडाही झाला नाही तोवर त्याला स्थगिती, नि जूनमधे सुधारलेला आदेश. शिवाय बिलात इंधन समायोजन आकार असतो तो वेगळाच नाचतो. त्यामुळे गच्चीवरचं सोलर हेच आपलं फिक्स, तेवढ्यापुरतं सोलरवाल्याचं बरोबर आहे. बाकी त्याचं बरंचसं चूक आहे.

आपला दर टप्प्यांचा आहे. कळायला सोपं म्हणून 2024-25 चे दर घेतो, वहन आकार धरून पहिली 100 युनिट 5.88 रुपयांनी, 101 ते 300 11.46 नी आणि 301 ते 500 15.72 नी. सोलर वरच्या टप्प्यापासून कापत येतं, म्हणजे आधी महाग युनिट वाचतात. म्हणून ज्याचं महिन्याला 80-90 युनिट जळतं त्यानं या फंदात पडू नये, त्याची वीज मुळातच स्वस्त आहे. तुमचं वर्षाचं होतं साधारण 2,790 युनिट, या दरानं 26 हजार, त्यावर 16 टक्के वीज शुल्क वेगळं. आपल्याकडे 1 किलोवॅट दिवसाला सरासरी 4 युनिट देतं, पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. म्हणजे 2 किलोवॅटमधे तुमचं भागतं हो! 5 कशाला? केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतली सबसिडी पण 1 ला 30 हजार, 2 ला 60, 3 ला 78 आणि तिथं थांबते, पुढचे दोन किलोवॅट पूर्ण तुमच्या खिशातून.

जास्तीची वीज विकू म्हणेल तो. तुमची जास्तीची वीज बाहेर गेली की ती पुढच्या वापरातून वजा करतं ते नेट मीटर, त्याचा हिशोब 31 मार्चला बंद होतो, उरलेली युनिट तेव्हा स्वस्तात जमा करून घेतात. आणि तुमचा एसी चालतो कधी? एप्रिल-मे मधे. थंडीत साठवलेली युनिट बरोबर एसी लागायच्या आधी मोडीत निघतात, म्हणून जास्तीच्या युनिटच्या भरवशावर साइज वाढवू नका. आणि बिल झीरो पण नाही, स्थिर आकार राहतोच. 2 किलोवॅटचं कोटेशन समजा 1 लाख 40 आलं तर सबसिडी जाऊन 80 हजार, तीन-साडेतीन वर्षांत वसूल. चांगलाच सौदा आहे, मी असतो तर केला असता.

फक्त त्या 25 वर्षांचा शब्द कोण देतंय ते बघा, इथं पण तेच. पॅनेलची गॅरंटी बनवणाऱ्या कंपनीची, इन्व्हर्टरची बरीच कमी, आणि बसवणाऱ्याची योजनेप्रमाणे पाच वर्षांची देखभाल, ती करारात लिहून घ्या. माझ्या गच्चीवर सोलर हीटर होता, दहा वर्षांची गॅरंटी, चौथ्या वर्षी टाकी गळायला लागली म्हणून दुकान शोधत गेलो तर तिथं मिसळीचं हॉटेल. मिसळ बरी होती.

आणि पुण्यात आता गच्चीवरचं ऊनच फिक्स राहिलेलं नाही. शेजारचा बंगला रिडेव्हलपमेंटला गेलाय का, दक्षिणेला अकरा मजले उभे राहणार का, चौकशी करा. पाण्याच्या टाकीची सावली हिवाळ्यात लांब पडते, सोलरवाला एप्रिलमधे बघून गेला असेल तर त्याला ती दिसलीच नसणार.

प्रश्न : आमची धनकवडीत 16 फ्लॅटची सोसायटी आहे, टेरेस सगळ्यांचं, पण प्रत्येकाला आपल्या मीटरला सोलर हवंय. दोन वर्षं मीटिंगा चालल्यात. काय करावं?

उत्तर : प्रत्येकाचं सोडा, आधी लिफ्ट, पंप नि जिन्यातले दिवे या कॉमन मीटरला बसवा, त्याला सोसायटीला किलोवॅटमागे 18 हजार सबसिडी आहे. आधी वर्षभराची कॉमन बिलं काढून युनिट मोजा. पण रिडेव्हलपमेंटचं पत्र फिरत असेल तर थांबा, पॅनेल उतरवून परत बसवायचा खर्च कोण देणार यावरून अजून दोन वर्षं मीटिंगा होतील.