त्याचं जुनं वागणं कोर्टात काढता येतं का?

प्रश्न : ताई, मी मिरजेत एका पतसंस्थेत कारकून आहे. कॉलेजातला एक मुलगा अडीच वर्षं माझ्या मागे लागला आहे. स्टँडपासून कामावर येईपर्यंत बाईकवरून मागे येतो, नवनव्या नंबरांवरून मेसेज करतो. दीड वर्षापूर्वी तक्रार अर्ज दिला, तर पोलिसांनी माफीनामा लिहून घेऊन त्याला सोडलं. दोन महिन्यांत पुन्हा सुरू! आता गुन्हा दाखल झालाय. त्याने माझ्या मैत्रिणीलाही असंच छळलं होतं, ती साक्षीला तयार आहे. पण ओळखीचे वकील म्हणतात, जुनं उकरू नका. असं का?

— एक वाचक, मिरज

उत्तर : वकिलांचं अर्धंच बरोबर आहे. तुझ्याशी तो पूर्वी कसा वागला, ते सगळं सांगायचंच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये (१ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५४-ड) तू स्पष्ट नकार दिल्यावरही त्याने वारंवार पाठलाग-संपर्क केला, हे सिद्ध करावं लागतं. त्या ‘वारंवार’साठीच तुझी अडीच वर्षं लागणार. तारीखवार लिहून काढ.

मैत्रिणीचं वेगळं. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं एक उदाहरण मी नव्या सरकारी वकिलांना सांगायची. ‘अ’वर ‘ब’ला गोळी घालून मारल्याचा खटला आहे. ‘अ’ने आधीही ‘ब’वर गोळी झाडली होती, हे सांगता येतं. ‘अ’ला लोकांवर गोळ्या झाडायची सवयच आहे, हे नाही! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उफराटं वाटलं होतं. पुढे तीस वर्षं कोर्टात काढली आणि पटलं. सवयीवर शिक्षा होऊ लागली, तर तपास कोण करेल? प्रत्येक गुन्ह्यात गल्लीतलं तेच बदनाम पोरगं उचलून आणतील.

तरी मैत्रिणीच्या तक्रारीची प्रत हाताशी ठेव. त्याच्या बाजूने मंडळाचे अध्यक्ष येऊन ‘मुलगा सज्जन, रक्तदान शिबिरात पुढे असतो’ म्हणाले (येतात हो, मी कितीतरी पाहिलेत), की उत्तरादाखल वाईट चारित्र्याचा पुरावा आणता येतो. तो म्हणाला ‘हे सिम माझं नाही’, आणि त्याच नंबरवरून तिलाही मेसेज गेले असतील, तर तिची साक्ष सिम कोणाचं, एवढ्यापुरती कामाला येईल. तिच्या प्रकरणात त्याला पूर्वी शिक्षा झाली असती, तर दुसऱ्या दोषसिद्धीला तीनऐवजी पाच वर्षांपर्यंत कैद आणि गुन्हा अजामीनपात्र. नुसत्या तक्रारीने तसं होत नाही.

आता माफीनामा. त्यावर फार विसंबू नकोस. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, त्यामुळे ‘मी पाठलाग केला’ ही ओळ बाद होण्याची शक्यता मोठी. पण तुझा अर्ज, त्यावरची तारीख आणि त्याला बोलावून समज दिल्याचं सांगणारा हवालदार हे तिन्ही कामाचे. तुझा नकार त्याला त्या दिवशी कळला होता, हे त्यातून दिसतं. त्यानंतरचा प्रत्येक मेसेज त्याला जड जाईल.

मेसेजच्या नुसत्या प्रिंट पुरत नाहीत, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. आणि तो जुना फोन दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन टाकू नकोस.